दोन्हीकडे ‘येवा’

माणसाची उंची त्याच्या विचारांवरून मोजावी, असं म्हणणारे लोक स्वतः साधारण पाच फूट आठ इंचांच्या पुढचे असतात. माझ्या मापाच्या कुणीही हे वाक्य म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मी पाच फुटाला दोन बोटं कमी. ही दोन बोटं गेली कुठे, याची चौकशी मालवणात मी शाळेत होतो तेव्हापासून चालू आहे, आणि माझ्या लग्नाने तिला भलताच जोर आला. कारण माझी बायको सावित्री माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे. अंतरपाट धरलेला असताना तिला मी आख्खा दिसत होतो, आणि मला नुसता अंतरपाट.

पण हे सगळं मी कधी मनाला लावून घेतलं नाही. निदान गाडी घेईपर्यंत तरी नाही.

गाडी घेतली ती दिव्यासाठी. दिव्या म्हणजे सावित्रीच्या भावाची, आरोंद्याच्या रविराजची मुलगी. कॉलेजसाठी आमच्याकडे मालवणला आली आणि पुढे इथल्याच एका पतसंस्थेत नोकरीला लागली. आम्हाला मूलबाळ नाही. ती आली आणि घरात चपला शोधाव्या लागायला लागल्या, टीव्हीचा आवाज वाढला, मला कुणीतरी उलट उत्तरं द्यायला लागलं. मला ती फार आवडायची, आवडते, हे सरळच सांगून टाकतो. तिचं लग्न कसालच्या स्वरूपशी ठरलं. हायवेला लागून त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. सुपारी फुटली त्या संध्याकाळी पोरगी मला म्हणाली, “काका, वरातीची गाडी तुमीच चालवूची. माका सासरी सोडूक तुमीच येवचा. दुसरो कोण डायवर इलो तर मी बसूचंय नाय.”

मी भावनेच्या भरात ‘व्हय’ म्हणालो. त्या वेळी माझ्याकडे सायकल होती, आणि तीही लेडीज.

गोव्यातल्या एका डॉक्टरांची फिकट निळी सेकंडहँड गाडी आम्ही आणली. आणली सावित्रीने. ती लग्नाआधीपासून भावाचा टेम्पो चालवायची. मी शेजारी, मांडीवर पिशवी घेऊन. गाडी दारात उभी राहिली, शेजारपाजार जमला, नारळ फुटला, आणि मग मी पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. मांडी आरामात होती. पाठ आरामात होती. पाय हवेत होते.

डॉक्टर सहा फुटी असावेत. सीट त्यांनी पार मागे नेली होती आणि खाऱ्या वाऱ्याने सीटखालची पट्टी गंजून तिथेच बसली होती. बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारा महादू आला, त्याने हातोडा मारला, डिझेल ओतलं, दोन पाय लावून ओढून पाहिलं आणि निकाल दिला: “सीट गाडयेक चिकटलेली नाय, पेडणेकरानू. गाडीच सीटक चिकटली हा.” आणि समजा सीट पुढे सरकली असती, तरी उपयोग नव्हता. माझे पाय आखूड असले तरी पोट आखूड नाही. पाय पोचण्याआधी स्टिअरिंग पोटात गेलं असतं.

आता सल्ले सुरू झाले. आमच्या शेजारी भिकाजी राहतात, निवृत्त तलाठी. जमिनी मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं असल्यामुळे कुठलीही कमी-जास्त लांबी दिसली की ते आपोआप पुढे होतात. “पाटीमागे उशी घाल,” ते म्हणाले. घातली. एक पुरली नाही, दोन घातल्या. शेवटी पाहुण्यांची वळकटी घातली. पाय पोचले, पण क्लच दाबायला गेलो की क्लच खाली जाण्याऐवजी मीच वळकटीत मागे जायचो. मग भिकाजींनी पायडलांना लाकडी ठोकळे बांधायला सांगितले. हे जमलं. मी दिवसभर खूष होतो. दुसऱ्या दिवशी सावित्री बाजारात निघाली, गाडीत बसली आणि तशीच उतरली. “अवो, माझे गुडघे माझ्या कानाक लागतत! काडा ते ठोकळे.” म्हणजे ती बसणार तेव्हा ठोकळे सोडायचे, मी बसणार तेव्हा बांधायचे. तिसऱ्या वेळी घाईत ब्रेकचा ठोकळा एक्सलेटरला बांधला गेला, आणि तो प्रयोग सावित्रीने त्याच दिवशी चुलीत घातला.

अशा दुःखद वातावरणात रविराज लग्नाच्या याद्या करायला आला. तो बरीच वर्षं आखाती देशात होता, त्यामुळे कुठलीही गोष्ट त्याने तिथे आधीच पाहिलेली असते. माझी हकीकत ऐकून तो हसला (हसायचं काही कारण नव्हतं) आणि म्हणाला, “भावजी, माझ्या अरबाचे गाडयेत पायडला चलत येयत. बटाण दाबला की येयत, परत दाबला की जायत. अरब उंच, तेची बायल तुमच्याएवढी.”

‘तुमच्याएवढी’ हा शब्द मी गिळला. पण रात्रभर डोक्यात एकच: चालत येणारी पायडलं.

या यंत्रणेवर मी आता व्याख्यान देऊ शकतो, आणि लोक उठून जाईपर्यंत देतोही. एरवी आपण सीट पुढेमागे करून पायडलांकडे जातो. इथे पायडलं आपल्याकडे येतात. बटण दाबलं की आत एक लहानशी मोटर फिरते. तिला जोडलेली लवचिक केबल, मोटरसायकलच्या मीटरला असते तसली, फिरत फिरत पायडलांच्या डोक्यावर जाते. तिथे आटे पाडलेले दांडे असतात. दांडा फिरला की त्यावरचा नट सरकतो आणि नटाला लोंबणारं पायडलही त्याच्यासोबत सरकतं. बटण उलटं दाबलं की मोटर उलटी फिरते, पायडल परत. कौशल्य इथेच आहे की सगळी पायडलं एका मापाने सरकली पाहिजेत. ब्रेक आला आणि क्लच मागे राहिला, असं घरगुती राजकारण तिथे चालत नाही. शिवाय पायडल कुठेही असो, दाबताना ते जितकं खोल जायचं तितकंच जातं. उंच माणसाचा ब्रेक आणि बुटक्या माणसाचा ब्रेक, दोन्ही सारखेच लागतात. इतकी समता मी दुसऱ्या कुठल्या खात्यात पाहिलेली नाही.

महादूला हे सांगितलं तेव्हा तो तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेत शांतपणे म्हणाला, “ह्यात काय? ट्रॉलराचा सुकाणूय असाच फिरता.” ट्रॉलरचं सुकाणू तसं फिरत नाही हे मला नंतर कळलं. त्याने भंगारातून वायपरची मोटर आणली, कुणाच्या तरी मोटरसायकलची मीटरकेबल आणली, कुडाळहून दांड्यांना आटे पाडून आणले, आणि आमच्या अंगणात गाडीचं पोट उघडं करून बसला. आल्यागेल्याने डोकावून विचारावं, ‘काय चल्ला हा?’ आणि मी सांगावं, ‘पायडलं चालतायत.’ थोड्याच दिवसांत बाजारात पेडणेकरांचे पायडलकर झाले. माझ्या ऑफिसात साहेबसुद्धा एकदा चुकून ‘अहो पायडलकर’ म्हणाले आणि मी चुकून ‘ओ’ दिली.

यंत्र तयार झालं. जात्यावर दळण घातल्यासारखा आवाज व्हायचा, पण पायडलं यायची. महादूने वायर थेट बॅटरीवरून घेतली होती. “चावी बंद असली तरी चलतला,” तो अभिमानाने म्हणाला. मला त्या वेळी ही सोय वाटली. बटणाच्या एका अंगाला त्याने मार्करने ‘फुडे’ लिहिलं होतं, दुसऱ्या अंगाला ‘मागे’.

पहिल्या चाचणीला भिकाजींनी मुद्दाम पिवळी छत्री घेऊन गल्ली अडवून धरली. मी बसलो, गाडी चालू केली, जरा पुढे नेली, आणि पायडलं आणखी थोडी पुढे आलेली बरी म्हणून ‘फुडे’ दाबलं. पायडलं निघून गेली. माझे पाय हवेत, गाडी उताराला. गल्लीच्या टोकाशी भिकाजींच्या बायकोने, सुगंधावहिनींनी, तट्ट्यावर सोलं वाळत घातली होती. लालभडक, रसरशीत, कोकमाचं पाणी तीनदा पाजलेली. गाडी त्यांच्यावरून गेली आणि दगडी गडग्याला टेकून थांबली.

“तुमी ‘फुडे’ कित्याक दाबलात?” महादू धावत येऊन ओरडला.

“पायडला फुडे येवक होयी होती म्हणान!”

“फुडे म्हणजे गाडयेच्या फुडे! इंजिनाकडे!”

“मी गाडी नाय, महादू, मी माणूस! माझ्या फुडे म्हणजे माझ्याकडे!”

“व्हडयेत वल्हवताना आमची पाठ फुडे आसता,” महादू म्हणाला.

तोवर गल्लीत माणसं जमली होती, कारण चाकं लाल, रस्ता लाल, आणि सुगंधावहिनी तोंडाला पदर लावून ‘गेली गो, माझी सगळी गेली’ म्हणून बसलेल्या. मासळी बाजारापर्यंत बातमी पोचली ती अशी की पायडलकराने दोघांना उडवलं. दुपारी ऑफिसात शिपायाने मला पाणी आणून दिलं आणि खांद्यावर हात ठेवला.

त्या संध्याकाळी दिव्याने मार्करची अक्षरं पुसली आणि नेलपॉलिशने नवी लिहिली. पायडल आपल्याकडे यायला हवं असेल त्या अंगाला ‘येवा’, आणि लांब जायला हवं असेल त्या अंगाला ‘जावा’. इतकं सोपं की भिकाजींनाही सुधारणा सुचली नाही.

मात्र ती अफवा ऐकून सावित्रीने हट्ट धरला की गाडीचं सगळं कायदेशीर करून घ्यायचं. लायसन माझ्याकडे होतं. ते शिकाऊ गाडीवर मिळवलेलं, तिथल्या मास्तरांकडे माझ्यासारख्यांसाठी पाठीला लावायचा खास पाट होता. प्रश्न होता पायडलांचा. आम्ही जिल्ह्याच्या आरटीओ कचेरीत गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी ऐकून घेतलं.

“पॅडलमध्ये फेरफार? मग ते अपंगांच्या वाहनात येईल.”

“पण मी अपंग नाही.”

“मग फेरफार कशाला केलात?”

“उंची जरा कमी आहे.”

“किती टक्के?” त्यांनी पेन उघडून विचारलं.

टक्के माहीत नसल्यामुळे आम्हाला सरकारी डॉक्टरांकडे पाठवण्यात आलं. त्यांनी मला भिंतीला उभं केलं, मापलं, गुडघ्यावर हातोडी मारली, जीभ बाहेर काढायला लावली. गाडी चालवण्यात जिभेचा काय संबंध ते त्यांनाच माहीत. मग चष्मा काढून म्हणाले, “अहो, तुम्ही ठणठणीत आहात. नुसते बुटके आहात. त्याला मी काय दाखला देऊ?” बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या रुग्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं. एका म्हाताऱ्याला तर बरंच बरं वाटल्यासारखं दिसलं.

दाखला नाही म्हटल्यावर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, साहेबांना गाडी दाखवा. साहेब उन्हात आले, वाकले, आत पाहिलं. येताना गाडी सावित्रीने चालवली होती, त्यामुळे पायडलं कंपनीने ठेवलेल्या जागी निमूट उभी होती.

“सगळं जागच्या जागी आहे. फेरफार कुठाय?”

मी प्रामाणिकपणे बटणाकडे बोट नेलं, आणि सावित्रीने माझ्या पायावर पाय दिला.

“हे काय लिहिलंय? येवा, जावा?”

“आम्ही मालवणचे ना साहेब,” सावित्री गोड आवाजात म्हणाली, “गाडीत चढणाऱ्याला येवा, उतरणाऱ्याला जावा.”

साहेबांनी पुन्हा वाकून वाचलं. “उतरणाऱ्याला कोणी जावा म्हणतं का हो, वहिनी? निघतानाही ‘येतो’च म्हणायचं असतं.” एवढं बोलून ते सावलीत गेले आणि आमचं कायदेशीर काम संपलं. साहेबांचं ते वाक्य मी तिथेच गंभीरपणे घ्यायला हवं होतं.

मे महिन्यात लग्न आरोंद्याला झालं. खाडीकडून वारा येत होता, मांडवाच्या झालरी उडत होत्या, जेवणात सोलकढी होती (सुगंधावहिनींनी मला पाहून पेला बाजूला ठेवला). अक्षता पडल्या, पंगती उठल्या. मी कोऱ्या करकरीत शर्टात, नवे बूट घालून, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत हिंडत होतो. ज्याला माहीत होतं त्यालाही मी सांगत होतो की वरातीची गाडी मीच नेणार आहे. रविराजच्या एका मित्राने विचारलं, “तुम्ही? पाय पोचतात?” मी किल्ली दुसऱ्या बोटावर घेऊन फिरवायला लागलो.

इकडे गाडीच्या मागच्या काचेवर ‘दिव्या – स्वरूप’ लिहायला सहदेव पेंटरला बोलावलं होतं. तो खाडीतल्या होड्यांवर नावं लिहितो. गाडी सजतेय तोवर माझ्या सासूबाई, पार्वतीआजी, आत शिरल्या, आपल्या नातीची गाडी नीट आहे ना हे बघायला. त्यांनी चष्मा लावला, नातीला सासरी नेणाऱ्या गाडीत काय काय आहे ते सावकाश पाहिलं, आणि किंचाळल्या.

“ह्या कोणी लिवल्यान? चेडू सासरी निघाला आणि गाडयेत ‘जावा’? देवा म्हाराजा! माहेराक परत येवचा नाय की काय तेना? सहदेवा, हयसर ये रे! पुसून टाक ता.”

सहदेवाने पुसलं. मग नुसतं मोकळं कसं ठेवायचं, म्हणून आजींनी तिथेही शुभ लिहून घेतलं. होडीच्या नावासाठी आणलेला जाडजूड लाल ऑइलपेंट, टपोरी अक्षरं. मी त्या वेळी तिसऱ्यांदा जिलबी घेत होतो.

निघायची वेळ झाली. रडारड झाली. दिव्या आईच्या गळ्यात, रविराज खांबाला धरून. आजींनी बजावलं, दिवेलागणीच्या आधी पोरीचं पाऊल घरात पडायला हवं, वाटेत कुठे थांबायचं नाही. मी सीटवर बसलो, सावित्री शेजारी, नवरानवरी मागे. आणि मग मी बटण पाहिलं. एका अंगाला ‘येवा’. दुसऱ्या अंगाला ‘येवा’.

“ह्या काय?” मी विचारलं.

“आवशीन केल्यान,” सावित्री पुटपुटली. “आता गप. सगळी बघतत.”

मी देवाचं नाव घेऊन एक ‘येवा’ दाबला. पायडलं आली. बाहेर वाजंत्री जोरात होती म्हणून आवाज कुणाला ऐकू गेला नाही. मी दिमाखात गाडी काढली. खरं सांगतो, सावंतवाडीपर्यंत मी आयुष्यात इतका उंच कधीच नव्हतो. रस्त्याने लोक हात करत होते. आरशात दिव्या दिसत होती, डोळे सुजलेले, पण मला पाहून हसली. “काका, मस्त चलवतास.” त्या एका वाक्यासाठी मी परत कचेरीच्या सगळ्या खिडक्या फिरलो असतो.

झारापच्या पुढे माझी टाच अवघडली. पायडलं अगदी बोटभर जवळ आली तर बरं, म्हणून मी रस्त्यावरची नजर न काढता ‘येवा’ दाबला. तो दुसरा ‘येवा’ होता. पायडलं घरघरत निघाली, ती इंजिनाकडे. मी बोट उचललं. पायडलं चालूच. उन्हात तापून सहदेवाचा ऑइलपेंट बटणाच्या फटीत वाळला होता आणि बटण दाबलेलं तसंच चिकटून बसलं होतं. चावी बंद करून काही होणार नव्हतं, महादूने ती सोय आधीच करून ठेवली होती.

“थांबवा,” सावित्री हळूच म्हणाली. “माका बसूक दिया.”

थांबवली असती तर अर्ध्या मिनिटात सगळं सुरळीत झालं असतं, हे मला कळत होतं. तिचे पाय पोचले असते. पण मग पोरीला सासरी सोडलं असतं सावित्रीने, आणि मी मांडीवर पिशवी घेऊन शेजारी बसून कसालला उतरलो असतो. “नाय,” मी म्हणालो, आणि पायडलांच्या मागोमाग सीटवरून खाली सरकलो.

ती जात राहिली, मी सरकत राहिलो. आधी रस्ता दिसत होता. मग नुसती झाडं. मग आभाळ. शेवटी माझ्या डोळ्यांसमोर स्टिअरिंगचा खालचा भाग आणि काही वायरी उरल्या. सावित्रीने माझ्या हातातून चाक कधी घेतलं ते कळलंच नाही.

“ब्रेक,” ती वरून म्हणायची. मी दाबायचो. “सोडा. क्लच. मी तिसरो टाकतंय. सोडा, वायच सावकाश! आता गॅस. गॅस! म्हाताऱ्याची सायकल फुडे गेली.”

“उजवीकडे काय आसा?” मी खालून विचारायचो.

“तुमका काय करूचा हा? तुमी दाबा.”

कुडाळच्या नाक्यावर एसटीच्या खिडक्यांतून लोक बाहेर आले. ड्रायव्हर नसलेली गाडी, डावीकडून चाक धरलेली एक बाई आणि मागे मुंडावळ्या. नाक्यावरच्या हवालदाराने शिट्टी तोंडात घातली, गाडी समोरून गेली, शिट्टी तोंडातच राहिली. स्वरूप हा तसा शांत मुलगा, आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. तो दिव्याला म्हणाला, “काका खंय गेले?”

“खाली आसत,” दिव्या म्हणाली. तिच्या आवाजावरून ती रडतेय की हसतेय ते मला तळातून कळेना.

“बरा हा काय तेंका?”

“माका बरा हा!” मी ओरडून सांगितलं.

ऊन उतरायच्या आत कसाल आलं. मला ते वाजंत्रीवरून कळलं. सावित्रीने गाडी बरोबर मांडवासमोर नेली, मी बरोबर ब्रेक दाबला, आणि दोघांनी मिळून ती अशी हळुवार थांबवली की मागच्या ओटीतला नारळही हलला नाही. मी समाधानाने सुस्कारा टाकला. तेवढ्यात सावित्रीने माझी कीव येऊन केसांतल्या आकड्याने बटणातला रंग खरवडला आणि मला वर येता यावं म्हणून अडकलेलं बटण सोडवायला ते दाबलं. ते दाबलं गेलं विरुद्ध बाजूला. पायडलं घरघरत परत आली, आणि त्यांच्या वाटेत माझा डावा पाय होता. क्लच आणि सीट यांच्यामध्ये माझा नवा बूट, बुटात मी. मोटर एकदा कण्हली आणि कायमची गप्प झाली.

बाहेर ओवाळायची ताटं घेऊन सगळं कसाल उभं. माझा उजवा पाय दाराबाहेर, डावा आत अडकलेला, आणि बाकीचा मी स्टिअरिंगखाली आडवा. मी दार धरून हसण्याचा प्रयत्न केला.

दिव्याने पाहिलं. शालू सावरत ती उतरली, माझ्या दाराशी आली, सगळ्यांसमोर जमिनीवर गुडघे टेकले आणि माझ्या पायांशी वाकून डोकं आत घातलं.

वाजंत्री थांबली. मांडवातून एक मोठा ‘आह’ आला. “बघलास? सासरच्या उंबऱ्यात जावच्या आधी काकाच्या पायां पडता! काय संस्कार आसत चेडवाचे!” ही बहुतेक विहीणबाई. लगेच स्वरूप पुढे झाला, कारण बायको वाकली आणि नवरा उभा, हे बरं दिसेना. त्याने माझ्या बाहेरच्या उजव्या पायाला हात लावून नमस्कार केला. मग त्याचा भाऊ. मग वहिनी. मग रांगच लागली. मी स्टिअरिंगखालून एक हात बाहेर काढून सगळ्यांना आशीर्वाद देत होतो, ‘सुखी व्हा, सुखी व्हा’, आणि आत दिव्या माझ्या डाव्या बुटाची नाडी सोडत होती. तिच्या बांगड्या क्लचला लागून वाजत होत्या.

“काका, बोटां आकसून घेवा,” ती कुजबुजली. “आजून वायच. तुमी माका सोडूक इलात आणि हयसर मीच तुमका सोडवतंय!”

आणि ती हसता हसता रडायला लागली. पाय सुटला. बूट आतच राहिला. मला कुणी तरी उचलून उभं केलं, आणि मी एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत त्या माणसांच्या गर्दीत ढसाढसा रडलो. दिव्या माप ओलांडून आत गेली, तरी माझं थांबेना. कसालकरांनी मला खुर्ची दिली, पन्हं दिलं. विहीणबाई म्हणाल्या, सख्ख्या बापाहून माया दिसते.

“किती रडतास?” सावित्रीने माझ्या कानाशी येऊन विचारलं.

“आंगठो चेपलो हा,” मी म्हणालो. “आंगठो दुखता.”

“खंयच्या पायाचो?”

मी घाईघाईने बूट असलेला पाय चोळायला लागलो.